फळीला तीट

माऊलीच्या गाडीच्या टपावर बांधलेला सर्फबोर्ड औंढ्याला देवळाच्या पार्किंगमध्ये सोडून दर्शनाला जायचं, या विचारानं मी आमच्या गोरेगावपासूनच सारखी टपाकडं बघत होते. माऊली माझा दीर. मालवणला एका हॉटेलवाल्याकडं पर्यटकांना लाटेवर उभं राहायला शिकवतो. रविवारी चेन्नईला त्याची स्पर्धा. वाट वाकडी करून तो पुतण्याच्या जावळाला आला होता आणि औंढ्याहून परस्पर पुढं जाणार होता. बोर्ड मालकाचा. गेला तर स्पर्धा गेली अन् नोकरीही गेली, हे त्यानंच हसत सांगितलं. हसला तो, झोप माझी उडाली.

घरून मी म्हशीची साखळी आणि मोठं कुलूप घेतलं होतं. पण कुलूप अडकवणार कशात? अख्ख्या बोर्डाला शेपटीकडं दोरीपुरतं एक छिद्र. बाकी सगळा भार दोन पट्ट्यांवर, आणि ते विळ्याच्या एका ओढीत तुटले असते. माऊली म्हणे, आपल्या जिल्ह्यात समुद्रच नाही, तर चोर त्याचं करणार काय? मला मात्र दिसत होतं, नाल्यावर टाकायला असली फळी झकास आहे. पार्किंगमध्ये डोक्याला रुमाल बांधलेला एक माणूस तर बाजारात बैल बघावा तसा बोर्डाभोवती फिरला आणि वितीनं मापूनही गेला.

माझा नवरा न्हाव्याला गाठायला पुढं गेला होता. लेकरू माऊलीच्या कडेवर. सासूबाई, म्हणजे द्वारकाबाई, घुश्शातच होत्या. डॉक्टरांनी नको सांगितलंय म्हणून मी लेकराला काजळ लावू देत नव्हते. तरी त्यांनी डबी पूजेच्या पिशवीत टाकलीच होती.

डायपर गाडीत राहिला म्हणून मी किल्ली मागून घेतली आणि एकटीच मागं फिरले. पूजेची पिशवी डिकीत होती. लेकराचं सफरचंद कापायच्या सुरीनं लिंबू कापलं, त्यात कुंकू भरलं. नारळ लेकराच्या काळ्या टोपड्यात गुंडाळला. दारात पाय ठेवून वर चढले, दोन पट्ट्यांच्या मधोमध सगळं मांडलं, वर हळदीच्या अक्षता टाकल्या. बोर्डाच्या चंदेरी कव्हरवर काजळाची तीटही लावली. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या बाईनं मांडलेला उतारा म्हणून तो वाईट नव्हता. पिशवी घेऊन निवांत मनानं जावळाला गेले.

आलो तेव्हा लेकरू चकोट होतं आणि पार्किंग खचाखच भरलेलं, फक्त आमच्या गाडीच्या आजूबाजूला मोकळं मैदान. शेजारच्या गाड्यांनी जागा सोडली होती. रुमालवाला लांब उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तिकडून जाऊ नका म्हणून सांगत होता. माझा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच.

माऊलीचा चेहरा पांढरा पडला होता. कुणीतरी करणी केली म्हणाला. स्पर्धेतलंच कुणी असणार. या फळीवर तो आता पाय ठेवणार नव्हता. पट्टे इथंच सोडतो, मालकाला फोन करतो, म्हणून त्यानं खिशातून मोबाइल काढलासुद्धा. चोराच्या तावडीतून वाचवलेला बोर्ड माऊलीनं स्वतःच टाकून द्यायचा. चारचौघांत काय सांगू?

सासूबाई गाडीजवळ गेल्या. टाचा उंचावून त्यांनी तीट निरखली. टोपडं बघितलं. मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून काजळाची डबी काढून उघडली. त्या अंगठ्यानं काजळ घेतात. आत बारीक बोटाची खूण उमटलेली. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, डबी मिटली आणि माऊलीकडं वळल्या.

"मीच ठिवलं ते. नवी फळी, सगळं गाव बघून राहिलं. काहून भ्यायलास? आईचा हात हाय त्याच्यावर."

माऊली तिथंच त्यांच्या पाया पडला. त्यांनी लिंबू-नारळ हातानं उचलून बाजूला टाकलं. तीट मात्र माऊलीनं पुसू दिली नाही. चेन्नईपर्यंत राहू दे म्हणाला. माऊलीची गाडी निघाली, तशी रुमालवाल्यानंही वाट दिली.

मग सासूबाई माझ्या कानाशी आल्या.

"फळीला काजळ चालतंय, अन् लेकराला न्हाई व्हय?"

मी लेकरू पुढं केलं. त्यांनी अंगठाभर काजळ घेऊन गालावर एक तीट दाबली, चकोट टाळूवर एक. लेकरानं लगेच हात फिरवून अर्धं तोंड काळं केलं.

गोरेगावच्या जीपमध्ये मी हळूच ओला टिश्यू काढला. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या,

"पूस की. माऊलीला फोन लावायचाच हाय मला."

मी टिश्यूनं आपला चष्मा पुसला.