बघ म्हणजे लाव

मी लिहिलेलं कुणी नीट वाचत नाही, ही माझी जुनी तक्रार. नव्या बाईंनी वाचलं, पण भलताच अर्थ लावला, आणि घोळ झाला.

आमचं काम ऑपरेटिंग सिस्टीमचं. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी एकाच यादीत लिहायला घुसले की मशीन हँग होतं, म्हणून आधी लॉक लावायचं, मग आत जायचं. लॉकची सगळी फंक्शन्स, म्हणजे ही कामं करणारे कोडचे तुकडे, मी लिहिलेली. त्यातलं ‘चेक लॉक’ फक्त लॉक लागलंय का ते सांगतं. नव्या बाईंना वाटलं, नसेल तर लावतंही. त्यांनी भरवशाने ते वापरलं आणि भर चाचणीत मशीन हँग.

आठ वर्षं मुलांपायी घरी बसून बाई पुन्हा नोकरीला लागल्या होत्या. प्रोबेशन संपायला एक दिवस उरलेला. त्यांना ठेवायचं की नाही, ते उद्या तुम्हीच सांगा, असं साहेब मला म्हणाले. बाई हळूच म्हणाल्या, फंक्शनवर माहितीची एखादी ओळ असती तर बरं झालं असतं. माझं डोकंच फिरलं.

"नावात सगळं आहे. एवढं साधं कळत नाही?"

बाई जागेवर जाऊन बसल्या. मी फुगून घरी आले.

संध्याकाळी आम्ही सगळे नणंदेकडे निघालो. मी शेवटी. डोक्यात अजून तेच भांडण. खालून सासूबाई म्हणाल्या, कुलूप बघ गं. बघितलं. कडीत होतं. ‘बघितलं’ म्हणून खाली उतरले.

दोन तासांनी परत येतो तर दार सताड उघडं, कुलूप कडीत नुसतंच लोंबतंय आणि शेजारची मांजर सोफ्यावर पाय ताणून झोपलेली. चोरीला काही गेलं नव्हतं, नशीब.

"तुला कुलूप बघ म्हटलं होतं ना?"

"बघितलं की."

"अगं, बघ म्हणजे लाव! एवढं साधं कळत नाही?"

माझंच वाक्य, जसंच्या तसं. अशी खजील झाले की मांजरीला हाकलायचंही सुचेना.

सकाळी पहिल्यांदा साहेबांना गाठलं. बाईंना ठेवा, म्हटलं. चूक नावाची आहे, आणि नाव मी ठेवलंय. मग बाईंची माफी मागितली आणि नवं नाव ठेवायचं काम त्यांनाच दिलं. त्यांनी ‘लॉक लागलंय का’ असं ठेवलं आणि वर ओळ लिहिली: फक्त बघतं, लावत नाही.

घरी आल्यावर कौतुकाने ती ओळ सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा वर केला.

"हे त्या फंक्शनबद्दल आहे की तुझ्याबद्दल?"