कोंबडीच्या बदल्यात आवाज

मी ट्रान्झिस्टर बोलतोय, पाथर्डीकडच्या एका कुडाच्या घरातल्या खुंटीवरून. लोकांना माझ्यातलं गाणं ऐकू येतं. त्या गाण्यामागे जी सारखी खरखर असते, ती मात्र माझी स्वतःची.

माझ्या पोटात जर्मेनियम या मूलद्रव्याचे कण आहेत, ज्वारीच्या दाण्याहून लहान. त्यांच्यातून वीज धावते, पण वाटेत बारीक खळगे आहेत. धावता धावता विजेचा एखादा अंश त्यात पडतो, अडकून बसतो आणि मग अवचित सुटतो. म्हणून मला स्वस्थता ठाऊकच नाही.

ऊसतोडीवर या घरच्या पुंजारामने मला मुकादमाच्या गळ्यात पाहिलं आणि तोही अडकला. दुभती शेळी देऊन त्याने मला घरी आणलं. त्याची लहानगी लेक झुंबर, तिचं दूध तुटलं. शेळी गेलीच आहे म्हटल्यावर मी मुका राहून कसं चालेल?

यंदा बहात्तरचा दुष्काळ. पुंजाराम मला गळ्यात अडकवून सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो. सेल उतरले की उन्हात तापवायचे, म्हणजे आणखी थोडे चालतात, ही इथली रीत. आज माझा आवाज बसला, तेव्हा त्याने सेल काढायचाही कंटाळा केला. भर दुपारी मलाच खडीच्या ढिगावर ठेवलं. माझे कण तापले आणि मी पार मुका झालो.

"काय पुंजा, तुझी शेळी आता ब्यां करंना व्हय?" शेजारचा कानिफनाथ म्हणाला. खडी फोडणारे सगळे हसले.

घरी येताच पुंजारामने कोंबडीला हात घातला. त्याची बायको लंकाबाई आडवी आली.

"अवं, तिला नका नेऊ. पोरगी दुष्काळी कामावरची सरकारी सुकडी, त्ये पीठ, वकून टाकती. अंडंच तेवढं पोटात ऱ्हातंय तिच्या."

"सेलापायी चाललोय. दुसरी आनू की."

"शेळीबी आननार व्हता तुमी!"

तो कोंबडी घेऊन दुकानी गेलाच. ऊन उतरलं, मी गार झालो. लंकाबाईने रागाने माझी कळ पिरगाळली आणि उन्हाने तरतरीत झालेल्या जुन्याच सेलांवर मी खणखणीत बोललो. तेव्हा तरी मला मुकं राहायचं होतं.

नवे सेल घेऊन आलेला पुंजाराम दारातच थबकला. "ह्ये... बोलतंय?"

"बोलतंय. जावा, सेल परत करा न् कोंबडी आना."

तो वळला. पण अंगणात कानिफनाथ उभा. "आनले का रं सेल?"

पुंजारामने त्याच्यादेखत नवे सेल घातले आणि आवाज वाढवला.

आता मी ओरडतो आहे. झुंबर सुकडीची वाटी दूर सारते आहे. अहो, कुणीतरी माझी कळ फिरवा! सेल अजून कोरेच आहेत, दुकान उघडं आहे, कोंबडी जिवंत असेल.