लांबून दिसणारा नंबर

कारभारीदादाच्या घराचा नंबर चौदा. तो भिंतीवर लावायचा थाट मात्र असा, की जसं काही लग्नच निघालंय. मी त्याची धाकटी बहीण, दौलताबादला किल्ल्याखाली सीताफळं विकते. मलाही शहरात गुलमंडीच्या बाजाराला नेलं, कारण पिशव्या धरायला कुणीतरी हवं होतं. दुकानदाराने पांढऱ्यावर काळे, ठसठशीत आकडे दाखवले. वहिनीने नाक मुरडलं. "हे दवाखान्यावर असतात तसे वाटतात." शेवटी बारीक, वेलबुट्टीचे सोनेरी आकडे घेतले. घराचा रंग पिवळा. त्यावर ते सोनं हात लावून बघितलं तरच सापडायचं.

त्या कॉलनीत वीस घरं, सगळी एका साच्यातली, सगळी पिवळी. आणि आमच्या वडिलांना, आबांना, वाचता येत नाही. आबांनी जन्मभर मेंढरं राखली, दादाच्या स्लॅबसाठी ती विकली आणि त्याच्याकडे राहायला आले. एका सकाळी फिरून येताना ते अकरा नंबरात शिरले आणि तिथल्या झोपाळ्यावर टेकले. घरच्या बाईने गल्ली डोक्यावर घेतली. दादा काळाठिक्कर पडला.

दुसऱ्या दिवशी आबांनी गेरू कालवला आणि फाटकाच्या खांबावर दोन आडवे पट्टे ओढले, खाली एक टिपका दिला. ही आमच्या कळपाची खूण, प्रत्येक मेंढराच्या पाठीवर असायची. माळाच्या दुसऱ्या टोकावरूनही आबांना ती दिसायची. मेंढरू विकलं की आधी तेवढी लोकर कातरून खूण काढायची आणि मगच ते घेणाऱ्याच्या हाती द्यायचं, ही आबांची रीत. कळप मोडला त्या दिवशी त्यांची कातर सकाळपासून दुपारपर्यंत चालली होती. दादा मेंढरं धरायला होता.

"आता चुकायचं नाय," आबा खांबाकडं बघत म्हणाले. लई खूश होते. कुरिअरवालासुद्धा त्या दिवसापासून लाल पट्ट्यांवर बिनचूक यायला लागला.

पण दादाचे साहेब जेवायला येणार होते. आबा फिरायला गेले तसा दादाने बादली घेऊन खांब घासून काढला. मी स्वयंपाकाला आले होते, पुऱ्या लाटत होते.

"अरे, आबा घर कसं वळखतील?"

"नंबर हाय की तिथं," तो म्हणाला.

एवढा शिकलेला माणूस! मी पुढं काही बोलले नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

साहेब जेवून, तोंड भरून घराचं कौतुक करून गेले, तरी आबा आले नाहीत. मग दादा स्कूटरवरून गल्ल्या धुंडाळत सुटला. संध्याकाळी मी दौलताबादला परतले तर आबा माझ्या ओट्यावर. गुडघ्यापर्यंत धूळ. शहरातून चालत आले होते. मी दादाला फोन करून कळवलं.

आठ दिवसांनी दादा त्यांना न्यायला आला. तोंड उतरलेलं.

"आबा, चला. मोठा नंबर लावलाय. पांढऱ्यावर काळा, वर दिवा. पार कोपऱ्यावरून दिसतो. आता नाय चुकणार तुम्ही."

आबा सीताफळं निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "चुकलो कुठं? घर घावलं व्हतं मला. खांब अजून वल्ला व्हता."

आबांनी एक पिकलेलं फळ बाजूला ठेवलं.

"म्हणलं, खूण काढली. म्हंजी आता आपलं नाय."

दादा दारातच उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही.