टेबल क्रमांक चारचा स्वभाव

धाकटीने सातवा कागद पुढे ओढला आणि शेवटची पाच कोडी सोडवायला घेतली. चौकोनात त्रिकोण, त्रिकोणाच्या कोपऱ्यात ठिपका. पुढच्या चित्रात ठिपका कुठे जाईल? आधीच्या सहा कागदांवरही हीच कोडी होती, त्यामुळे आता विचार करायची गरज नव्हती. तरी तिने ते चित्र मनातल्या मनात एकदा फिरवून पाहिले. तेवढेच सुख. मग खूण करून कागद उजवीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि सवयीने डावा हात पुढच्यासाठी लांब केला. पुढचा नव्हता.

हे कागद चष्म्यांच्या कारखान्याने बाहेरच्या एका परीक्षक बाईंकडून करून घेतले होते. चारशे कामगारांची बुद्धी आणि स्वभाव तपासायचा, आणि त्यातून एकाला वरच्या मजल्यावरच्या नमुना खोलीत घ्यायचे. तिथे चष्म्यांच्या नव्या फ्रेमची चित्रे काढत. मुकादमाने कागद वाटले, तासाभरात भरून द्या म्हणाला आणि चहाला गेला. टेबल क्रमांक चारवरच्या सात बायकांनी मग ते काम जसे येते तसे केले.

त्यांना काम एकाच तऱ्हेने येत होते. फ्रेम वन्संच्या हातून सुरू व्हायची, एक बिजागरी बसवायची, दुसरी स्क्रू, तिसरी काडी, असे करत ती धाकटीपाशी यायची. धाकटी चष्मा जाड काचेवर उलटा ठेवून बोटाने टिचकी मारायची. डुगडुगला तर काडी गरम करून वाकवायची, नाहीतर पुढे. तेच कागदांचे झाले. तीस कोडी सहाजणींनी पाच-पाच वाटून घेतली, प्रत्येकीने आपली पाच सातही कागदांवर सोडवली. स्वभावाची चाळीस वाक्ये मात्र वन्संकडे गेली. जी ती आपापला स्वभाव आठवत बसली तर संध्याकाळ होईल, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि सगळ्यांचे स्वभाव त्यांच्याइतके ठाऊक तरी कुणाला होते? चांगल्या बाईला शोभेल असे त्यांनी सगळे भरून टाकले. राग येत नाही, झोप लागते, चारचौघांत राहायला आवडते.

त्यांना सगळे टेबल वन्सं म्हणायचे, पण नात्याने त्या एकट्या धाकटीच्या वन्सं. नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर सहा महिन्यांत त्यांनीच तिला या खुर्चीवर आणून बसवले, त्याला बावीस वर्षे झाली होती. सकाळी दोघी एका दारातून निघायच्या, दिवसभर एका टेबलाच्या दोन टोकांना बसायच्या आणि संध्याकाळी त्याच दारातून आत शिरायच्या. भांडण असे कधी झाले नाही. धाकटीला कधीकधी वाटे, झाले असते तर बरे झाले असते, निदान त्यांच्याकडे पाठ करून बसता आले असते.

नमुना खोलीतली ती जागा तिला हवी होती. इतकी हवी होती की खोक्यांच्या झाकणांवर ती आत फ्रेमची चित्रे काढायची आणि झाकण लावून टाकायची. हे तिने कुणालाही सांगितले नव्हते. त्या दिवशी आपला कागद बाजूला काढून ठेवला असता तर सांगितल्यासारखेच झाले असते, म्हणून तिने तो रांगेत जाऊ दिला.

आठवड्याने मॅनेजर निकाल घेऊन टेबलापाशी आला. फार खुशीत होता. पॅकिंगच्या पुरुषांत म्हणे प्रत्येकाची तऱ्हा निराळी निघाली होती, आणि या सातजणींची बुद्धी सारखी, स्वभावही सारखा. बायका सगळ्या सारख्याच, हे तो वर्षानुवर्षे म्हणत आला होता. आता कागदावर आले. असे जुळलेले टेबल मोडायचे नाही, इथून कुणालाही हलवायचे नाही, असे जाहीर करून तो गेला. बिजागरीवाली हळूच म्हणाली की मग पगाराच्या दिवशी कुणाही एकीने सही केली तरी चालावी. सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, आणि काचेवरच्या चष्म्याला तिने दोनदा टिचकी मारली.

परीक्षक बाई मात्र हसण्यावारी नेणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी त्या सातही कागद घेऊन आल्या आणि टेबलावर ओळीने मांडले. शेवटच्या पाच कोड्यांवर सगळीकडे एकाच हाताची खूण होती, शेपूट वर वळलेली.

"ही पाच चारशेजणांत दुसऱ्या कुणालाही पुरी सुटली नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्यापैकी कुणी सोडवली?"

धाकटीने मांडीवरचा हात उचलला आणि काच पुसायला घेतली.

"आम्ही मिळून केलं," वन्सं म्हणाल्या. ते खोटेही नव्हते.

परीक्षक बाईंनी वाद घातला नाही. एकेकीला मालाच्या खोलीत बोलवायचे आणि नवा कागद एकटीने भरायचा, एवढेच सांगितले. सहाजणी जाऊन आल्या, त्यात वन्संही. धाकटी नेहमीप्रमाणे शेवटी. ती उठली तेव्हा वन्संनी तिच्या पदराला लागलेला धागा काढायचे निमित्त करून तिला थांबवले.

"तू वर गेलीस तर काच कोण बघणार?"

बावीस वर्षांत हा प्रश्न धाकटीने स्वतःलाही विचारला नव्हता. ती नुसतीच मान हलवून निघाली.

मालाच्या खोलीत खिडकी नव्हती. छतापर्यंत खोकी, मध्ये एक टेबल, पलीकडे परीक्षक बाई. तीस कोडी तिने बारा मिनिटांत संपवली, आणि शेवटच्या कोड्यानंतर आणखी का नाहीत म्हणून पान उलटून पाहिले. मागे स्वभावाची वाक्ये होती. ती तिने आजवर वाचलीच नव्हती.

'मला राग येत नाही.' तिने पेन टेकवले आणि तिला वन्संचा आवाज ऐकू आला. पुढचे वाक्य वाचले, पुन्हा तोच आवाज. आपल्याला राग येतो की नाही हे तिला खरोखरच ठाऊक नव्हते. कोडे असते तर फिरवून पाहिले असते. तिने पेन खाली ठेवले.

"जुना कागद बघू का जरा?" तिने विचारले. "माझा."

परीक्षक बाईंनी तो गठ्ठ्यातून काढून दिला.

"सातही एकसारखे आहेत," त्या म्हणाल्या. "एक जागा सोडून. एकतिसावं वाक्य बघा. बाकी सहाजणींचं उत्तर 'नाही' आहे, तुमचं 'हो' आहे. घाईत चुकलं असेल."

एकतिसावे वाक्य होते, 'संधी मिळाली तर मी हे काम सोडून दुसरे शिकेन.' पुढे 'हो'वर वन्संची खूण होती, जाड, दोनदा गिरवलेली. वन्संच्या हातून घाईत काही होत नाही, हे धाकटीला माहीत होते. आपली चित्रे असलेली खोक्यांची झाकणे उघडणारे हात कोणाचे असतील, हेही तिला आत्ता सुचले. तिला रडू आले आणि रागही आला. तिने पहिल्या वाक्यापुढे 'नाही'वर खूण केली आणि मग एकामागून एक खाली उतरत गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या जागेपुढे चाळीसएक चष्मे साचले होते. तिचे काम कुणीही उचलले नव्हते, उचलता येतच नव्हते. जेवणाची सुट्टी झाली, बाकीच्या पाचजणी उठून गेल्या. वन्सं आपल्या टोकाला बसून राहिल्या.

"झालं?"

"झालं."

"एकतिसाव्याला काय लिहिलंस?"

"तुम्ही लिहिलं होतं तेच."

वन्संनी हातातली फ्रेम ट्रेमध्ये ठेवली. मग त्या उठल्या, आपली खुर्ची दोन्ही हातांनी उचलून टेबलाच्या या टोकाला घेऊन आल्या आणि काचेपुढे बसल्या.

"दाखव कसं बघायचं ते."

धाकटीने एक चष्मा घेतला, काडी गरम केली, सरळ केली, काचेवर उलटा ठेवून टिचकी मारली. तो हलला नाही. डोळ्यांनी बघायचे नाही, बोटाला कळते, असे सांगून तिने तोच चष्मा वन्संपुढे सरकवला. वन्संनी जाड भिंगांचा आपला चष्मा कपाळावर चढवला आणि काडीवर बोट टेकले. बराच वेळ टेकून धरले.

"डुगडुगतोय की हा," त्या म्हणाल्या.

चष्मा हलत नव्हता, बोट हलत होते. धाकटी त्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने चष्मा उचलला, होता तसाच क्षणभर हातात धरला आणि परत काचेवर ठेवला.

"आता बघा," ती म्हणाली.