ढाण्याचा गुडघा

आमच्या मालकांना लोकांनी येडं म्हणायला पायजे होतं, त्याऐवजी डागदर म्हणायला लागले. तिथंच सगळं बिघडलं.

पिंपरीच्या पेनिसिलीनच्या कारखान्यात बाटल्या धुवायची ह्यांची नोकरी. पण तोरा असा की जणू औषध ह्यांनीच शोधून काढलं! काळेवाडीत कुणाला गळू झालं, कुणाची दाढ सुजली, की चालले भिमाजींना विचारायला. आन ह्यांचं उत्तर एकच, ‘‘पेनिसिलीन टोचून घ्या. आमच्या कारखान्याचं.’’ दोघातिघांना गुण आला, मंग काय विचारता. पाय जमिनीला लागंनात.

ढाण्या आमचा कुत्रा. हे रात्रपाळीला गेले की मळ्यातल्या घरात मी आन तो, तिसरं कुणी न्हाई. मला लेकरू न्हाई. जी माया करायची ती मी ह्या मुक्या जिवावर केली, आन त्याची मला लाज न्हाई.

सत्तावन्न सालची दिवाळी झाली आन त्याच्या मागच्या पायाच्या गुडघ्यात काटा मोडला. मी उपसून काढला, हळद भरली. आठ-दहा दिवसांनी गुडघा सुजला. तो पाय टेकवंना. मी म्हणलं, ‘‘अवं, चिंचवडला गुरांच्या दवाखान्यात न्यूया.’’

‘‘घरात औषध असताना गुरांचा डागदर कशाला?’’ हे म्हणले. पुण्याच्या दुकानातनं कुप्या आणल्या, जुन्या बाजारातनं सुई आणली, आन थेट गुडघ्यात टोचायला लागले. एक न्हाई, दोन न्हाई, नऊ सुया! दर खेपेला म्हणायचे, ‘‘उद्या बघ, पळंल.’’ कसला पळतोय? गुडघा बेलफळाएवढा झाला, फुटून चिकट पाणी गळायला लागलं. ढाण्यानं भाकरी सोडली. शेजारचा सयाजी कुंपणावरनं म्हणला, ‘‘वैनी, नदीपल्याड न्या आन गोळी घालायला लावा.’’ माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ‘‘तुझ्या जिभेला काय हाड हाय का न्हाई रं?’’ म्हणलं, आन त्याच पावली हनीफभाई भंगारवाल्याची हातगाडी मागून आणली.

गाडी मी वढली. मालक मागनं आले. ‘‘लोक हसतील,’’ म्हणत व्हते. हसू देत की! दात पडेपर्यंत हसू देत!

चिंचवडचे डॉक्टर लक्ष्मणराव शांत माणूस. गुडघ्यावरचे केस काढले, स्पिरिटनं पुसलं, सुईनं सांध्यातलं पाणी काढलं. त्याचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातनं कितीतरी वेळ बघत बसले. मंग विचारलं, ‘‘आतापर्यंत काय दिलं?’’

‘‘पेनिसिलीन. नऊ सुया,’’ मालकांनी छाती काढून सांगितलं.

‘‘तरीच. भिमाजी, मला ही बुरशी वाटते. काट्याबरोबर आत गेली असणार. पेनिसिलीननं जंतू मरतात, बुरशीला त्याचं काहीसुद्धा होत नाही. अहो, पेनिसिलीन मुळात बुरशीपासूनच करतात. तुम्ही तिथंच कामाला आहात ना?’’

मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. मला हसू यायला पायजे होतं, पण रडू आलं. पंधरा दिवस! पंधरा दिवस ती घाण आत वाढत होती, आन आमी पाणी घातल्यासारखं औषध घालत होतो.

डॉक्टरांनी पाणी पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथं त्यातलं जे काय असंल ते वाढवून बघतात म्हणं. बाराव्या दिवशी कागद आला. बुरशीच होती. ‘‘नशीब समजा,’’ डॉक्टर म्हणले, ‘‘ह्या जातीच्या बुरशीवर आयोडाइडचं औषध चालतं. दुधातून दिवसातून तीनदा. नाक-डोळे गळायला लागले तर थांबवून मला सांगा. औषधाला हात लावला, जखमेला हात लावला, की साबणानं धुवा. आणि सूज उतरली तरी पुढं महिनाभर सोडायचं नाही. डोस चुकले तर पाय कापावा लागेल, आणि तेवढ्यावर भागलं नाही तर कुत्रा जाईल.’’

घरी येऊन मी दूध कोमट केलं, औषध घातलं, ताटली पुढं सरकवली. ढाण्यानं तोंड फिरवलं. डोक्यावरनं हात फिरवायला गेले, तर फरफटत खाटंखाली जाऊन बसला. दुपारी तेच. संध्याकाळी तेच. दिवसाचे तिन्ही डोस मातीत गेले.

मी मालकांवर तुटून पडले. ‘‘बघा! बघा तुमच्या सुयांनी काय केलं! जनावराचा माणसावरचा इस्वास उडवलात तुमी! आता मरू द्या त्याला, आन मिरवा गावात डागदर म्हणून!’’

हे उठले. नवी ताटली भरून खाटंपाशी बसले. आन काय सांगू, ढाण्या बाहेर आला आन लपालपा पिऊन मोकळा झाला!

‘‘अरं निमकहरामा!’’ मी वरडले. ‘‘ज्यानं टोचलं त्याच्याच हातचं पितोस व्हय रं?’’

मालकांनी मान वर केली न्हाई. हळूच म्हणले, ‘‘यशोदे, मी मागं असायचो. त्याला मी दिसायचोच न्हाई. पुढं कोण असायचं?’’

मी असायचे. एवढा वेळ तुमाला सगळं सांगितलं, हे तेवढं सांगितलं न्हाई. ‘ये रं माझ्या राजा’ म्हणून हाक मी मारायचे. बिचारा तीन पायांवर यायचा, माझ्या मांडीवर डोकं ठेवायचा, आन मी दोन्ही हातांनी जबडा आवळून धरायचे. नऊच्या नऊ वेळा. चौथ्या सुईलाच मला कळलं होतं की गुण न्हाई. तरी धरलं. मालकांसमोर तोंड उघडायला भ्याले, आन पुढं सगळा राग त्यांच्यावर काढत बसले.

आता सूज निम्मी उतरलीया. परवा त्यानं पाय जरासा टेकवला, मी दारातनं बघितलं. मालकांनी साहेबाच्या हातापाया पडून कायम रात्रपाळीच मागून घेतली, दिवसा घरी राहून तिन्ही डोस तेच देतात. त्या वेळेला मी उठून विहिरीकडं जाते आन तिथंच उभी राहते. मी घरात असले की ढाण्या ताटलीला तोंड लावत न्हाई, आन औषध तर पोटात जायलाच पायजे.