कूलरांनी अडवलेला जिना

मी जिना बोलतोय, भोपाळच्या सोनागिरीतल्या एका चारमजली इमारतीचा. दचकू नका. माणसांची ये-जा थांबली की जिन्यालाही बोलावंसं वाटतं.

इथं इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत, की माझ्या खिडकीतून हात काढला तर शेजारणीची भाजी ढवळता येईल. पूर्वी मला कोण मान! पोरांच्या धडाधड उड्या, कठड्याला टेकून रंगलेल्या गप्पा. मग लिफ्ट आली. गरज सरो, वैद्य मरो! पहिल्या मजल्यावरची ठणठणीत माणसंही लिफ्टनं जाऊ लागली.

उरल्या मनोरमाकाकू. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे नागपूरहून आलेल्या, आता चौथ्या मजल्यावर एकट्याच राहतात. एकदा अडकल्यापासून लिफ्टचं नाव काढत नाहीत. भाजीची पिशवी घेऊन चढताना मध्येच माझ्या पायरीवर टेकायच्या आणि म्हणायच्या, "दमलो बापा आपण दोघं." त्या 'दोघं'वर माझा दिवस निघायचा.

थंडी आली की घराघरांतले कूलर खिडकीतून निघतात आणि माझ्या वळणांवर मुक्काम ठोकतात. दुसऱ्या मजल्यावरच्या परागनं तर चोरीच्या भीतीनं आपले दोन्ही कूलर साखळीनं माझ्या कठड्याला बांधले, वर कुलूप. काकू अंग चोरून कशाबशा जायच्या.

"कूलर केव्हा हलवून राहिला रे पराग?"

"होळीपर्यंत बस, काकू. घरात जागाच नाही हो."

भूकंपात काय करायचं ते शिकवायला एकदा माणसं आली होती. हादरे चालू असताना टेबलाखाली बसा, थांबले की जिन्यानं उतरा, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकायला काकू सोडून सगळी मंडळी लिफ्टनं खाली आली होती! मला हसावं की रडावं कळेना.

आणि या जानेवारीत एका दुपारी जमीन खरंच हलली. वीज गेली, लिफ्ट बंद पडली. शिकवलेलं विसरून सगळे माझ्याकडे धावले. परागचे कूलर कलंडून वळणावर आडवे अडकले होते. तरणीताठी माणसं त्यांच्यावरून उड्या टाकून पळाली.

काकू तेवढ्या टेबलाखाली बसल्या होत्या. हादरे थांबल्यावर उतरल्या, तर वाट बंद. कूलर रेटून पाहिला, साखळीनं हलू दिला नाही. "पराग! कोणी आहे का रे?" खालच्या गलक्यात कोण ऐकतंय? पुन्हा हादरा आला तर? त्या माझ्या पायरीवर बसल्या, कठडा घट्ट धरून. माझा जीव तुटत होता, पण जिन्याला हात कुठले?

बऱ्याच वेळानं लोक परतले. काकूंना पाहून पराग ओशाळला. "अरे! तुम्ही इथंच? आम्हाला वाटलं, कोणीतरी तुम्हाला आणलं असेल."

"कोणी रे? नाव सांग त्याचं."

परागनं कूलर उभे केले आणि पुन्हा साखळी लावली. काकू वर गेल्या.

तेव्हापासून त्या उतरलेल्या नाहीत. भाजी लिफ्टमधून येते. दुपारी आतून कधी खोकल्याचा, कधी टेबल सरकवल्याचा आवाज येतो.

माझी सगळ्यात वरची पायरी त्यांच्या उंबऱ्याला लागून आहे. तिथवर मी पोचलो आहे. दार मात्र मला वाजवता येत नाही. तेवढं तुम्ही वाजवा.