घोंगड्या नाणेघाटानं गेल्या

१९१२ च्या हिवाळ्यात तुर्कस्तानातल्या लढाईच्या बातम्या जुन्नरात पोचल्या. मशिदीत कुणीतरी मुंबईचं वर्तमानपत्र वाचून दाखवलं. जखमी शिपाई बर्फात उघड्यावर पडलेत आणि मुंबईची मदतसमिती त्यांच्यासाठी औषधं, पांघरुणं जहाजानं धाडणार आहे, असं त्यात होतं. पुरुषांनी दुवा मागितली आणि ते घरी आले. कागदी मोहल्ल्यातल्या ताजबीनं मात्र ते ऐकताच अंगावरची घोंगडी काढून घडी घातली आणि सुनेला, सायराबानूला म्हणाली, "ही पहिली. दोरी आण."

ताजबी विधवा होती. हातकागद बनवायचा कारखाना नवऱ्यामागं तीच चालवायची. तिचा नवरा कासम प्लेगात गेला होता. त्याला गावाबाहेरच्या छावणीत नेलं, तेव्हा ती गोधडी घेऊन फाटकापाशी गेली. शिपायानं गोधडी आत जाऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी कासमचं प्रेतच बाहेर आलं. तो गाठीनं गेला का थंडीनं, हे तिला कधी कळलं नाही. तेव्हा ती रडून परत आली होती.

आठवडाभरात घर घोंगड्यांनी भरलं. मोहल्ल्यानं दिल्या, विणकरांनी दिल्या, बाजारातल्या माळणींनीही दिल्या. बायका जुनी लुगडी फाडून जखमांना बांधायच्या पट्ट्या करत बसल्या. मग फौजदार आला.

"परक्या राजाच्या लढाईत तुमचं काय काम?" तो दारातूनच म्हणाला. "सरकार कुणाच्याच बाजूचं नाही. हे गठ्ठे चावडीत जमा करा."

"शिपाई न्हाई धाडत साहेब," ताजबी म्हणाली. "पांघरुणं धाडतोय."

"वरून हुकूम येईपर्यंत चावडीत राहतील."

"हुकूम येईस्तवर माणसं गारठून मरत्यात. मी बघितलंय."

ती जाऊन गठ्ठ्यावर बसली. सायराबानू शेजारच्या गठ्ठ्यावर बसली. पट्ट्या फाडणाऱ्या बाया एकेक करून उठल्या आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर बसल्या. बायकांच्या अंगाला हात लावायची फौजदाराची छाती झाली नाही. पण जाताना त्यानं गाडीवानांना दम भरला. जो हा माल नेईल त्याची गाडी जप्त होईल.

पुण्याच्या वाटेवरचा एकही गाडीवान मग बैल जुंपायला तयार होईना. ताजबीचा सख्खा दीर मेहबूब गाडी हाकायचा. त्यानंही मान खाली घातली. "भाबी, लेकरंबाळं हायेत," एवढंच तो म्हणाला.

"मग नाणेघाटानं जाऊ," सायराबानू म्हणाली. "तिथं कुठं गाडी लागती? खाली कल्याणला गेलं की आगगाडी हाय."

"अन् घाटापत्तोर?" ताजबीनं विचारलं.

"डोई हाय की आपल्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहल्ल्यातल्या बायका डोक्यावर गठ्ठे घेऊन निघाल्या. यातल्या कित्येकींनी भर बाजारातून कधी पाऊल टाकलं नव्हतं. मागच्या गल्लीनं जावं, असं कुणी सुचवलं तेव्हा ताजबी म्हणाली, "चोरी केलीय का आपण?" आणि ती सरळ कचेरीवरून गेली.

फौजदार रस्त्यात उभा होता. "तुझा कागद यापुढं कचेरीत घेतला जाणार नाही," तो म्हणाला.

ताजबीचा कारखाना कचेरीच्याच गिऱ्हाइकीवर उभा होता. तिनं डोक्यावरचा गठ्ठा नीट केला. "न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "वाट सोडा." तो हलला नाही, तेव्हा ती त्याच्या कडेनं पुढं गेली आणि सगळ्या बायका तिच्यामागनं गेल्या.

आपटाळे गावाच्या अलीकडं मेहबूब धावत आला. त्यानं भावजयीच्या डोक्यावरचा गठ्ठा आपल्या खांद्यावर घेतला. चावंड गडाच्या पायथ्याला मुक्काम पडला. तिथल्या गोजरबाईनं सगळ्यांना नाचणीच्या भाकरी घातल्या आणि सकाळी आपल्या घरातली घोंगडी आणून गठ्ठ्यात खुपसली.

"कुठल्या गावाला चालल्यात म्हनं?" तिनं विचारलं.

"लई लांब. समुद्रापल्याड," ताजबी म्हणाली.

"थंडी पडती का तिथं?"

"बर्फ पडतं म्हणत्यात."

"मग येवढ्यानं काय व्हतंय," म्हणत गोजरबाई शेजारणींना हाका मारायला गेली.

घाटाच्या माथ्यावरच्या घाटघरला सावळेराम भेटला. तो बैलांच्या पाठीवर भात लादून घाटाखाली न्यायचा. मेहबूबनं त्याला फौजदाराची धमकी आधीच सांगून टाकली.

"गाडी जप्त करणार म्हनला ना?" सावळेराम म्हणाला. "माझ्याकडं गाडीच न्हाई." त्यानं भाताची पोती उतरवून ठेवली आणि गठ्ठे बैलांवर आवळले. मेहबूब कल्याणपर्यंत त्याच्यासोबत आणि तिथून आगगाडीनं मुंबईला गेला. ताजबी घाटाच्या तोंडाशी उभी राहून बैल दगडी पायऱ्या उतरताना बघत राहिली. तिचे पाय सुजले होते आणि मान हलवता येत नव्हती, तरी खालच्या झाडीत बैल दिसेनासे होईपर्यंत ती बसली नाही.

कचेरीनं खरंच कागद घेणं बंद केलं. कारखान्यातली निम्मी माणसं ताजबीला कमी करावी लागली. तिनं नारायणगावच्या आणि निरगुडसरच्या वाण्यांकडं स्वतः जाऊन पुड्यांचा जाडाभरडा कागद विकायला सुरुवात केली. माल जहाजावर चढल्याचं मेहबूबनं येऊन सांगितलं होतं, पुढं तो कुणाच्या अंगावर पडला, ते कधी कळलं नाही. मधे थांबलेली लढाई पुन्हा पेटल्याची बातमी आली, तेव्हा फौजदारानं शिपाई धाडून तिला विचारलं, आता तरी शहाणपण आलं का.

"सायबाला सांग," ताजबी शिपायाला म्हणाली, "तुमच्या घरची घोंगडी यायची ऱ्हायलीय."